ओकारी म्हणजे पश्चात्ताप नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धार्मिक अतिरेक्यांचे मन वळवण्यासाठी ‘अ‍ॅव्हर्शन थेरपी’ वापरून पाहावी, असे सुचवणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. तुरुंगातल्या कट्टर कैद्याला त्याच्या गटाचे झेंडे, भाषणे, चित्रफिती दाखवायच्या, त्याच क्षणी विजेचा सौम्य धक्का द्यायचा किंवा मळमळ आणणारे औषध टोचायचे; काही आठवड्यांत त्याला त्या गोष्टींचा आपोआप तिटकारा येईल, अशी ती कल्पना. लेखाची भाषा सभ्य आहे आणि हेतूविषयी मला शंका नाही. पण ‘सौम्य’ हा शब्द वाचून मी पेपर खाली ठेवला. मी मनोरुग्णालयात ३४ वर्षे परिचारिका होते. ही थेरपी मी नुसती पुस्तकात वाचलेली नाही, तिच्यासाठी हातात ओकारी झेलायचा किडनी ट्रे धरून उभी राहिले आहे.

१९७९ साल होते. नोकरीचे दुसरेच वर्ष, आणि माझी ड्यूटी व्यसनी पुरुषांच्या वॉर्डात लागली. तिथे चाळिशीचा एक सुतार दाखल होता. बायकोने आणून सोडलेला, पण कागदावर सही त्याचीच. व्हरांड्याच्या टोकाला एक खोली होती, तिच्या खिडकीला जाड पडदा. टेबलावर त्याच्या नेहमीच्या दारूची बाटली मांडलेली असे. डॉक्टर अपोमॉर्फिन या ओकारी आणणाऱ्या औषधाचे इंजेक्शन देत आणि घड्याळाकडे बघत बसत. त्याच्या कपाळावर घाम डवरला, तोंडाला पाणी सुटू लागले, की ते मला खूण करत. मी पेला त्याच्या ओठांशी न्यायचा. वास घ्यायचा, घोट घ्यायचा, आणि लगेच पोटातले सगळे बाहेर. मग मी ट्रे बदलायची आणि पुन्हा पेला पुढे करायची. एका बैठकीत असे चार-पाच वेळा. अशा दहा बैठका झाल्या. शेवटच्या दिवशी नुसती बाटली दिसताच त्याला उमासे येऊ लागले. डॉक्टर खूश झाले. केसपेपरवर मी माझ्या अक्षरात नोंद केली, ‘उपचाराला उत्तम प्रतिसाद’.

चार महिन्यांनी तो परत आला, पिऊनच. सलाइन लावायला मी स्पिरिटचा बोळा त्याच्या दंडावर फिरवला, तर त्याला कोरडी ओकारी सुरू झाली. माझा हात बाजूला सारून तो म्हणाला, “सिस्टर, घरी प्यायलो की मला काही होत नाही. तुम्हांला पाहिलं की पोटात ढवळतं.”

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही, कारण या उपचाराविषयी पुढे जे काही वाचले ते सगळे त्यात आधीच होते. शरीर शिकते, यात वाद नाही. पण आपण नेमून दिलेला धडाच ते शिकेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. १९६६ साली गार्सिया आणि कोलिंग या अमेरिकी संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग केला. उंदीर गोड पाणी पीत असताना दिवा लागे आणि टकटक आवाज होई. ज्यांना नंतर मळमळवले, त्यांनी गोड चव टाकली, दिव्याची नि आवाजाची त्यांना फिकीर नव्हती. ज्यांना विजेचा धक्का दिला ते दिव्याला नि आवाजाला घाबरू लागले, चवीला नाही. म्हणजे मळमळ चवीला चिकटते, धक्का आवाजाला आणि उजेडाला चिकटतो. विचार, निष्ठा, सूड यांना यातले काय चिकटणार? शिवाय जे चिकटते तेही बऱ्याचदा त्या जागेपुरते. खोली बदलली, माणसे बदलली की जुनी सवय पुन्हा डोके वर काढते. आमचा सुतार त्या खोलीत सुधारला आणि घरी होता तसाच राहिला. अतिरेकी कैदी तुरुंगात सुधारेल आणि गेटबाहेर पडल्यावर काय होईल, हे लेखात कुठेच नाही.

आता जे मला सर्वांत जास्त बोचते त्याकडे येते. दारू बाटलीत असते, ती उचलून वेगळी ठेवता येते. धर्मांधाचा द्वेष असा वेगळा काढता येत नाही. ज्या शब्दांनी तो मारायला निघतो, तेच शब्द त्याची आई संध्याकाळी दिव्यापाशी किंवा जपमाळ हातात घेऊन पुटपुटत असते. त्याच शब्दांनी त्याच्या आजोबांना मूठमाती दिलेली असते किंवा अग्नी दिलेला असतो. धर्म कोणताही घ्या. वीज कुठे सोडणार? झेंड्यावरच्या अक्षरांवर सोडलीत तर तीच अक्षरे पोथीत आहेत. नेत्याच्या भाषणावर सोडलीत तर त्या भाषणात निम्मी प्रार्थनाच आहे. आमच्या सुताराला दारूऐवजी स्पिरिटची आणि माझ्या पांढऱ्या कपड्यांची ओकारी लागली. तसे या माणसाला हिंसेऐवजी प्रार्थनेची भीती बसली, तर आपण त्याच्यातला खुनी हलवला नाही, त्याच्या आईने दिलेली एकुलती एक मऊ गोष्ट मात्र जाळून टाकली. नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम १८ सांगते की, स्वतःच्या पसंतीचा धर्म वा श्रद्धा बाळगण्याच्या स्वातंत्र्याला बाधा येईल अशी जबरदस्ती कोणावरही करता येणार नाही. आणीबाणीतसुद्धा या कलमाला स्थगिती देता येत नाही. कृतीला शिक्षा करा, ती केलीच पाहिजे. पण श्रद्धेच्या जागी तारा जोडणे ही शिक्षाही नव्हे आणि उपचारही नव्हे.

छळ अंगावर घेणे ही अशा गटांत मोठेपणाची खूण असते, हेही लेखकाने लक्षात घेतलेले नाही. १९५९ मध्ये अ‍ॅरन्सन आणि मिल्स यांनी दाखवले की एखाद्या गटात शिरण्यासाठी ज्यांना जास्त त्रास सोसावा लागला, त्यांना तो रटाळ गटसुद्धा जास्त आवडू लागला. सोसलेले वाया गेले असे मनाला मान्य होत नाही. हौतात्म्याची स्वप्ने बघणाऱ्याला रोज धक्के दिलेत, तर त्याच्या कथेतला खलनायक तुम्ही आयता त्याच्या पुढ्यात उभा करता.

हे सगळे पूर्वी होऊन गेले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये समलिंगी पुरुषांना याच पद्धतीने ‘बरे’ करण्याचा प्रयत्न झाला. पुरुषांची छायाचित्रे दाखवायची आणि दंडाला वा पायाला वीज, किंवा तेच आमचे अपोमॉर्फिन. अनेक जण आपल्या पायांनी गेले होते, काहींपुढे न्यायालयाने तुरुंग की उपचार असा पर्याय ठेवला होता. त्याने कोणाचे आकर्षण बदलल्याचा भरवशाचा पुरावा नाही. लाज मात्र आयुष्यभर पुरली. १९७३ साली अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली, म्हणजे ज्या ‘आजारा’साठी त्या माणसांनी सोसले तो आजारच नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले एक प्रकरण अपील न्यायालयापुढे आले. तिथल्या कैद्यांच्या वैद्यकीय केंद्रात शिव्या दिल्या, सकाळी उठला नाही, सिगारेट दिली-घेतली अशा कारणांवरून कैद्याला अपोमॉर्फिन टोचत. ती ‘थेरपी’ आहे असे केंद्राचे म्हणणे होते. न्यायालयाने म्हटले की संमतीशिवाय हे करणे म्हणजे क्रूर शिक्षाच आहे. मी ते वाचले तेव्हा माझ्या हातातला ट्रे मला पुन्हा जड लागला. उपचार म्हणून आत आलेली सुई किती लवकर छडी होते ते पाहा.

आणि मग अतिरेकी कोणाला म्हणायचे ते ठरवणार कोण? सोव्हिएत रशियात सरकारवर टीका करणाऱ्यांना ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’ झाल्याचे निदान करून इस्पितळात डांबत. जागतिक मानसोपचार संघटनेने १९७७ मध्ये त्याचा निषेध केला. चीनच्या शिनजियांग प्रांतात २०१७ साली ‘अतिरेक निर्मूलना’चे नियम आले, त्यात अतिरेकाच्या खुणांमध्ये ‘अनैसर्गिक’ दाढी आणि चेहरा झाकणारा बुरखाही होता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या प्रकारांविषयी म्हटले की ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात. श्रद्धेला आजार म्हणायची सोय एकदा केली की रुग्णांची यादी लांबत जाते.

‘कैद्याने स्वतः संमती दिली तर?’ असे लेखक विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. मिशिगनमधल्या न्यायालयाने १९७३ मध्येच एका बंदिवानाच्या मेंदूच्या प्रायोगिक शस्त्रक्रियेबाबत याचे उत्तर दिले होते. ज्याची सुटका त्याच्या होकारावर टांगलेली आहे त्याचा होकार मोकळा म्हणता येत नाही. मी माझ्या अनुभवाने एवढेच सांगते की आमच्या सुताराची सही खरी होती, पण ती करताना तो बायकोच्या तोंडाकडे बघत होता.

कोणी म्हणेल, या बाईंना अतिरेक्यांचा कळवळा आणि मेलेल्यांचे काय? माझी एकदा महिनाभर जळिताच्या वॉर्डात तात्पुरती बदली झाली होती, एका स्फोटानंतर. तिथे अकरा वर्षांची एक मुलगी होती. ड्रेसिंग बदलताना ती ओरडत नसे, एक ते शंभर आकडे म्हणत असे. पन्नासच्या पुढे तिचा आवाज कापायचा. ज्याने तो स्फोट घडवला त्याच्याविषयी त्या दिवसांत माझ्या मनात जे आले ते मी लिहिणार नाही, पण विजेचा धक्का हा त्यातला सर्वांत सौम्य विचार होता. तो राग मी नाकारत नाही. त्या मुलीसाठीच मला ही थेरपी नको आहे. त्या माणसाने तिच्यासमोर नसेल, पण निदान स्वतःच्या मनात उभे राहून ‘हे मी केले’ असे म्हणावे, असे मला वाटते. सुरीकडे पाहून ज्याला ओकारी येते त्याने सुरी टाकलेली नसते, त्याच्या पोटाने टाकलेली असते. ज्याचे मन जागचे हललेच नाही, त्याच्याकडून जाब कसला घ्यायचा? आपण त्याला सुटकेचा सोपा रस्ता देतो आहोत आणि वर त्याला कठोरपणा म्हणतो आहोत.

मन वळवण्याचे दुसरे मार्ग आहेत, आणि ते रटाळ, लांबलचक, चिकाटीचे आहेत. डेन्मार्कच्या आर्हुस शहरात पोलीस आणि नगरपालिका मिळून कट्टरतेकडे झुकलेल्या आणि सीरियातल्या युद्धातून परतलेल्या तरुणांना एकेक मार्गदर्शक देतात. शाळा, नोकरी, घर यांच्यासाठी मदत करतात. गुन्हा केलेल्यावर खटला चालतोच. सिंगापूरमध्ये २००३ पासून धर्माचे अभ्यासक स्वेच्छेने कैद्यांशी त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे वाद घालतात. तिथली बिनाखटल्याची कैद मला मुळीच पटत नाही, पण माणसाशी त्याच्या श्रद्धेच्या आतून बोलण्याची ती रीत मला योग्य वाटते. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये १९९०च्या दशकात ‘एक्झिट’ नावाचे उपक्रम सुरू झाले. ते वंशद्वेष्ट्या टोळ्यांतून बाहेर पडणाऱ्यांसाठी होते, धार्मिक गटांसाठी नव्हे, पण धडा तोच. बाहेर पडणाऱ्याला आधी उभे राहायला दुसरी जागा लागते. मते बदलायला वर्षे लागतात. हिंसा सोडणे त्याआधी होऊ शकते, आणि समाजाने आधी तेच मागावे.

हे मार्ग हुकतातही. २९ नोव्हेंबर २०१९ रोजी लंडनमध्ये, कैद्यांच्या पुनर्वसनावरच्या एका परिषदेत, तुरुंगातला असा कार्यक्रम पुरा करून सुटलेल्या माणसाने दोन तरुणांना भोसकून मारले. कैद्यांवर विश्वास ठेवणारी ती मुले होती. त्यांच्या आईवडिलांपुढे माझा कोणताही युक्तिवाद तोकडा आहे. पण त्या हल्लेखोराला अडवायला जे धावले, त्यांत खुनाची शिक्षा भोगत असलेला, त्या दिवसापुरता बाहेर सोडलेला एक कैदीही होता. त्याला कोणी धक्के देऊन धावायला शिकवले नव्हते.

आपल्या लेखकांना माझी विनंती आहे की पुढचा लेख लिहिताना त्या खोलीत कोण कोण असेल हेही लिहावे. बटण डॉक्टर दाबणार नाहीत, ते घड्याळाकडे बघतील. बटणावर बावीस-तेवीस वर्षांची एखादी सिस्टर असेल, जिला रुग्णाला आराम द्यायला शिकवलेले आहे. १९७५ च्या टोकियो जाहीरनाम्यात जागतिक वैद्यकीय संघटनेने डॉक्टरांना बजावले की छळाला किंवा अमानुष वागणुकीला हातभार लावू नका, मग समोरच्याचा गुन्हा कोणताही असो. मला १९७९ साली तो जाहीरनामा कोणी दाखवला नव्हता. तो सुतार दुसऱ्यांदा घरी गेल्यावर परत आला नाही, त्याचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. केसपेपरवर मात्र ‘उत्तम प्रतिसाद’ ही माझी नोंद तशीच राहिली. ती मी खोडू शकले नाही, म्हणून हे पत्र.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)