मागच्या बाकाने गायला हवं

नागपूर,
१२ जुलै

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

पास्टोरेट कमिटीने, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळाने, क्वायरची (गायकवृंदाची) जबाबदारी तुझ्याकडे दिली, हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंस की पाच-सहा जण चांगले गाणारे आहेत, पेटी आहे, कीबोर्ड आहे, माइक आहेत, तरी मंडळी पुस्तक हातात धरून नुसती उभी का राहते? हे फोनवर सांगून भागणारं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. पत्र पेटीच्या खोक्यात ठेव, पुढेही लागेल.

क्वायरचं काम मंडळीला गाती करणं, हे आधी मनाशी पक्कं कर. बायबलमधल्या पत्रात पौलाने स्तोत्रं आणि गीतं ‘एकमेकांना’ म्हणा असं लिहिलंय, त्यातला हा एकच शब्द धरून चाल. उपासना कशी झाली हे पुढे उभ्या असलेल्या गायकांना विचारू नकोस. शेवटच्या बाकावरच्या आजींना गाता आलं का, ते बघ.

त्या गप्प राहतात त्याचं पहिलं कारण पट्टी, म्हणजे गीताचा षड्ज (सा) ज्या स्वरावर धरतो तो स्वर. (काळी २, पांढरी ५ हे पेटीच्या सप्तकातल्या काळ्या-पांढऱ्या बटणांचे डावीकडून क्रमांक.) पुढे उभा राहणारा आपल्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो, किंवा मोबाइलवर ऐकलेली गायकाची पट्टी जशीच्या तशी उचलतो. काळी २ मध्ये सुरू केलेलं गीत तार गंधाराला (वरच्या सप्तकातल्या ‘ग’ला) गेलं, की तो स्वर वरच्या पांढरी ५ वर पडतो. तिथे बायका थांबतात, पुरुष खालच्या सप्तकात उतरतात आणि माइकवर एकटा गायक उरतो. म्हणून गीताची सुरुवात न बघता त्यातला सगळ्यात उंच स्वर बघायचा. तो वरच्या पांढरी २ च्या पुढे जाऊ द्यायचा नाही, हा नियम कर. चाल मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंतच असेल तर पांढरी १ किंवा काळी १ चालते. तार गंधाराला जाणारी असेल तर षड्ज खालच्या काळी ५ वर घे. काही चाली मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून मध्य धैवतापर्यंत फिरतात, त्यांना पांढरी ४ धर. खालचा पंचम पांढरी १ वर येतो आणि वरचा धैवत पांढरी २ वर. प्रत्येक गीताच्या क्रमांकापुढे पेन्सिलीने पट्टी लिहून ठेव. पेटीवाला बदलला तरी गीत चढणार नाही.

यातून तबल्याचीही सोय होते. सव्वापाच-साडेपाच इंची तबला पांढरी १ ला लावला, तर पांढरी १ च्या गीतांना तो षड्जात, पांढरी ४ च्या गीतांना पंचमात आणि पांढरी ५ च्या गीतांना मध्यमात बोलतो. एका उपासनेची गीतं या तीन पट्ट्यांत बसवली, तर प्रार्थना चालू असताना हातोडी ठोकायची वेळ येत नाही. कीबोर्डवर मात्र पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण एका गीताला दाबलेलं पुढच्या गीतालाही तसंच राहतं, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. शिवाय जुन्या पेट्यांचा सूर बऱ्याचदा किंचित चढा किंवा उतरलेला असतो. पेटी बदलता येत नाही, कीबोर्ड येतो. त्यातल्या ट्यूनच्या सोयीने कीबोर्ड पेटीला मिळवून घे आणि तो आकडा पेटीच्या झाकणात लिहून ठेव.

लय मिनिटाला ८० मात्रांच्या आसपास ठेव. मोबाइलवर मेट्रोनोम असतोच, सरावाला तो लाव. मोठ्या चर्चमध्ये गीत कडव्यागणिक मंदावत जातं, याचं कारण साधं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागे बसलेल्याचा सूर तुझ्यापर्यंत यायला सेकंदाचा दहावा भाग जास्त लागतो. पेटीवाला त्या सुराची वाट बघत थांबला की प्रत्येक ओळीला लय थोडी पडते. त्याने मंडळीकडे कान न देता तबल्याकडे द्यावा.

आता शब्दांबद्दल, कारण खरी गंमत इथे आहे आणि खरा बिघाडही इथेच होतो. परदेशी चालींवर बसवलेली आपली जुनी गीतं पुष्कळ आहेत. त्यांत तीन मात्रांची चाल दादऱ्यात आणि चार मात्रांची केरव्यात सहज बसते, पण मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ चालीला ठाऊक नसतात. ‘येशू’ म्हणताना दोन्ही अक्षरं दीर्घ आहेत, म्हणून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) ‘ये’ घेतला तरी तो नीट बसतो. ‘प्रभू’, ‘कृपा’, ‘पिता’ या शब्दांत पहिलं अक्षर ऱ्हस्व. समेवर ‘प्र’ लांबवला की शब्दच कानाला परका वाटतो आणि माणसं अडखळतात. त्यावर उपाय म्हणजे ‘प्र’ समेच्या अर्धी मात्रा आधी उचलायचा आणि ‘भू’ समेवर ठेवायचा. सरावात ओळ आधी चालीशिवाय, टाळ्या देत म्हणायला लाव. बोलताना जिथे जोर येतो तिथेच गाताना यायला हवा.

अभंगाच्या चालींना हा त्रास होत नाही. मोठ्या अभंगात तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारच अक्षरांचा. त्या चार अक्षरांपाशी सूर लांबवायला, श्वास घ्यायला आणि मागे राहिलेल्याला गाठायला जागा मिळते. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि भजन चर्चमध्ये रुजवलं, त्याचं मोल मला इथे सगळ्यात जास्त वाटतं. अक्षर न येणारी माणसंसुद्धा पहिल्याच दिवशी ध्रुपद (दर कडव्यानंतर येणारी ओळ) धरू शकली असतील. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकात त्यांची गीतं भरपूर आहेत. दर रविवारी त्यातलं एक तरी भजनी ठेक्यात घे आणि त्या वेळी कीबोर्ड बंद ठेव. पेटी, तबला आणि झांजेची एक जोडी पुरते.

एकाच गीताच्या दोन चाली असण्याची अडचण तुला पहिल्याच महिन्यात येईल. आपलं नागपूर त्यासाठीच आहे म्हण ना! २९ नोव्हेंबर १९७० ला इथे ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एक चर्चसंस्था झाली. कागदावर एक झालेल्या घराण्यांनी आपापल्या चाली मात्र जपल्या, आणि ते बरंच झालं. म्हणून गीत निवडलं की मंडळीतल्या जुन्या दोन-तीन घरांत आधी विचार, “ही कुठल्या चालीत म्हणता?” चाल कुठली घेणार ते गीत सुरू होण्याआधी पेटीवर पूर्ण एक ओळ वाजवून कळू दे. नुसता षड्ज देऊन सुरू केलंस, तर निम्मी मंडळी एका चालीत आणि निम्मी दुसऱ्या चालीत जाते आणि दुसऱ्या ओळीला सगळेच थांबतात.

नवीन गीत महिन्याला एकच. पहिल्या रविवारी ते अर्पणाच्या वेळी क्वायरने एकटं म्हणावं, म्हणजे चाल कानावर पडते. दुसऱ्या रविवारी कडवी क्वायरची, ध्रुपद सगळ्यांचं. तिसऱ्या रविवारी सगळ्यांनी सगळं. चौथ्या रविवारी शेवटचं कडवं वाद्यांशिवाय घे. तिथे मंडळीचा आवाज भरून आला तर गीत रुजलं. नाही आला तर पुढच्या महिन्यात तेच पुन्हा. तरुण संघ हिंदी गीतांचा आग्रह धरेल, नागपुरात ते साहजिक आहे. उपासनेत एक हिंदी गीत जरूर ठेव, पण मराठी गीत अर्धं आणि मध्येच हिंदी कडवं असं करू नकोस. दोन्हीकडची माणसं त्यात हरवतात.

पडद्यावर शब्द दाखवत असाल, तर पुढचं कडवं चालू कडव्याच्या शेवटच्या ओळीतला शेवटचा शब्द सुरू होतानाच यायला हवं. शब्द संपल्यावर आलं की उशीर झाला. आणि गीताचा क्रमांक मोठ्याने सांगच. आजी-आजोबांना क्रमांकावरून गीत आठवतं, पडद्यावरची अक्षरं त्यांना दिसत नाहीत.

वाद्यांची एक इथली खास गोष्ट. उन्हाळ्यात पेटी आणि तबला कूलरच्या तोंडाशी ठेवू नका. बाहेर ४५ अंशांची कोरडी हवा आणि आत कूलरचा ओलावा, यात चामडं ढिलं पडतं, लाकूड फुगतं आणि पेटीच्या पट्ट्या दाबल्या की दाबलेल्याच राहतात. मे महिन्यात बंद चर्चमध्ये ठेवलेल्या पेटीच्या भात्याची घडी कोरडी पडून चिरते. भाता भरून सोडल्यावर सूर न वाजवताही तो भराभर बसला, तर हवा गळतेय असं समज. एखादा सूर मुका झाला तर बहुतेक वेळा सूर देणाऱ्या धातूच्या जिभेखाली कचरा असतो. तोंडाने फुंकू नकोस, श्वासाचा ओलावा बसतो. मऊ ब्रश वापर.

अंत्यविधीकडे मात्र जास्त लक्ष दे, कारण मंडळीला गाण्याची खरी गरज तिथे पडते. कब्रस्तानात पेटी नसते, पुस्तकं नसतात, ऊन किंवा पाऊस असतो आणि घरचे रडत असतात. प्रत्येकाने मूठभर माती टाकली की मग फावडी चालू होतात. खड्डा भरून वर ढीग बसेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ गाणं थांबता कामा नये. थांबलं की मातीचा आवाज तेवढा ऐकू येतो, आणि तो घरच्यांना सहन होत नाही. म्हणून सहा गीतं अशी निवड की क्वायरमधल्या आठ जणांना सगळी कडवी तोंडपाठ असतील. सुरुवात एकानेच करायची आणि नेहमीपेक्षा एक स्वर खालून. उघड्यावर आणि भरल्या गळ्याने गाताना सूर आपोआप चढतो. दोघे जण घरच्यांच्या अगदी मागे उभे राहू देत. त्यांना स्वतःला गाता येणार नाही, पण आपल्या मागे कुणीतरी गातंय हे त्यांना कळलं पाहिजे. मोठ्या अक्षरांत छापलेले तीस कागद एकाच्या गाडीच्या डिकीत कायम असू देत.

हंगामाचा सण आणि लग्नं आपोआप निभतात. नाताळच्या गायन-फेरीची तयारी मात्र ऑक्टोबरमध्येच सुरू कर. वस्तीप्रमाणे घरं वाटून घे; सदर आणि मोहननगर एका रात्री, जरीपटका आणि मानकापूर दुसऱ्या रात्री. घरटी तीन गीतं आणि एक प्रार्थना धरली तर दहा मिनिटं होतात, जाण्यायेण्यासह एका रात्री दहा घरं पुरे. यादीत पहिली घरं त्यांची लिही ज्यांना आता चर्चला येता येत नाही. अंथरुणावरच्या माणसाला त्याचं आवडतं गीत आधी घरी विचारून ठेव. चहा-फराळ फक्त शेवटच्या घरी, हे सगळ्यांना आधी कळव, नाहीतर चौथ्या घरीच साडेनऊ वाजतात. रात्री दहाला गाणं बंद. डिसेंबरच्या दवाने ढोलकी उतरते, म्हणून ती दोन घरांच्या मध्ये गाडीत पांघरुणात गुंडाळून ठेव.

सराव शनिवारी संध्याकाळी दीड तास ठेव आणि संडे स्कूलच्या चार-पाच मुलांना त्यात बसव. रविवारी ती मुलं क्वायरमध्ये नकोत, बाकांवर आपल्या घरच्यांजवळ बसू देत. चाल ठाऊक असलेला एक आवाज प्रत्येक चार बाकांत असला की आजूबाजूचे धरतात.

येत्या शनिवारी तुझ्याकडे सहाला पोचतो. सव्वापाच इंची तबला आणि हातोडी आणतो. तू फक्त मागच्या तीन महिन्यांत म्हटलेल्या गीतांचे क्रमांक लिहून ठेव, पट्ट्या तिथेच बसून ठरवू.

वहिनींना आणि मुलांना सलाम सांग.

तुझा,
जुना मित्र