नकाशा कोरा म्हणजे जमीन रिकामी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भूभौतिक सर्वेक्षणावरचा, म्हणजे न खणता जमिनीखालचे शोधण्यावरचा, आपल्या पुरवणीतील लेख आवडीने वाचला. हा विषय वृत्तपत्रात क्वचितच येतो, म्हणून समाधान वाटले. पण त्यातले एक विधान खटकले: दोन सेन्सरमधला फरक मोजणारा ग्रेडिओमीटर, एका सेन्सरने चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या साध्या मॅग्नेटोमीटरपेक्षा जास्त खोलवरचे टिपतो. ही यंत्रे खांद्यावर घेऊन चालण्यातच माझी नोकरी गेली. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जागेनुसार साधारण २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला असते. गाडल्या गेलेल्या जुन्या भट्टीमुळे त्यात पडणारा फरक कधी जेमतेम काही दहा नॅनोटेस्लांचा असतो आणि हेच क्षेत्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपोआपही तितकेच हलते. चुंबकीय वादळात तर शेकड्यांनी. एकच सेन्सर असेल तर दुसरे यंत्र (बेस स्टेशन) एका जागी ठेवून ही चढउतार वजा करावी लागते. ग्रेडिओमीटरमध्ये एकाच दांड्यावर अर्धा-एक मीटर अंतराने दोन सेन्सर असतात. आकाशातून येणारा बदल दोघांनाही सारखाच लागतो, त्यामुळे वजाबाकीत तो उडून जातो. फार सुंदर युक्ती आहे ही, आणि वादळाच्या दिवशीही काम थांबत नाही.

पण त्या वजाबाकीत आणखीही काही जाते. लहान चुंबकीय वस्तूपासूनचे अंतर दुप्पट झाले की तिचे क्षेत्र आठपट घटते, ग्रेडियंट, म्हणजे दर मीटरला क्षेत्रात पडणारा फरक, मात्र सोळापट. म्हणजे वरचा खिळा ठसठशीत दिसतो आणि खालचा मोठा खडक पुसट होतो. पुरातत्त्वाला, गाडलेले बॉम्ब शोधणाऱ्याला हेच हवे असते. खनिज शोधणाऱ्याचे तेवढ्यावर भागत नाही.

एका कामात ग्रेडियंटचा नकाशा जवळजवळ कोरा आला आणि ‘खाली काही नाही’ असे म्हणून जागा सोडून द्यायचे ठरत होते. सुदैवाने यंत्रात दोन्ही सेन्सरची रीडिंग वेगवेगळी साठवलेली होती. खालच्या सेन्सरचे आकडे घेतले, बेस स्टेशनची दुरुस्ती केली आणि एकूण क्षेत्राचा नकाशा काढला. रेषेमागून रेषेत तोच एक रुंद, संथ उंचवटा सरळ पुढे जात होता. बऱ्याच खोलीवरचा डाइक, म्हणजे भेगेत घुसून थिजलेल्या शिलारसाची भिंत! दोन सेन्सरमधल्या एका मीटरमध्ये त्या उंचवट्याचा फरक यंत्राच्या गोंगाटाच्या, म्हणजे रीडिंगमधल्या बारीक थरथरीच्या, वर येतच नव्हता.

नवख्या मंडळींना आणखी एक सांगावेसे वाटते. ग्रेडियंटची शिखरे अरुंद असतात, म्हणून चालण्याच्या रेषा जवळजवळ हव्यात. रेषांमध्ये दहा मीटर अंतर ठेवून दोन मीटरची भट्टी शोधू नये. आणि पट्ट्याचे बक्कल, किल्ल्या, मोबाइल तंबूत ठेवूनच निघावे. आकाशाचा बदल वजा होतो, खिशातल्या लोखंडाचा होत नाही, कारण ते एका सेन्सरला जवळ असते आणि दुसऱ्याला लांब.

आपणास विनंती, लेखासोबत होता तसा रंगीत नकाशा पुन्हा छापाल तेव्हा त्याखाली सेन्सरची जमिनीपासूनची उंची, दोन सेन्सरमधले अंतर आणि रेषांमधले अंतर जरूर द्यावे. जमल्यास शेजारी एकूण क्षेत्राचा नकाशाही छापावा.

आपला,
एक निवृत्त भूभौतिक सर्वेक्षक