वस्तीच्या गाडीचा हिशेब: मामांना आभाराचं पत्र

तीर्थस्वरूप मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र घरी न पाठवता सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही शिकवलेलं माझ्यासारख्या बऱ्याच जणांच्या कामी येईल.

विमान कंपनी चालवायच्या त्या गेममध्ये मी आपल्या सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, हौसेनं सगळ्यात मोठा तळ घेतला होता. विमानं तीन, तीही एटीआर ७२, म्हणजे पंख्याची छोटी प्रवासी विमानं. तळाचा खर्चच सगळी कमाई गिळायचा. घाबरून तळ लहान केला आणि पाठोपाठ आणखी चार विमानं घेतली. झालं, वैमानिक पुरेनात. सकाळची बेंगळुरू रद्द, तिच्यामागून हैदराबाद रद्द.

त्या रविवारी भर पावसात खानापूरला आलो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "रात्री मुक्कामाला किती विमानं असतात रे तुझ्याकडं?" मला सांगता येईना.

मग तुम्ही कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलंत आणि तुमच्या बस डेपोचं उदाहरण दिलंत. कणकुंबीची वस्तीची गाडी रात्री तिथंच मुक्कामाला थांबते, डेपोत नसते, तिला इथं जागा लागत नाही. पण तिचा ड्रायव्हर-कंडक्टर आपल्याच हजेरीपटावर असतो. जागा मुक्कामावर धरायची, माणसं तासांवर. गाड्या किती, एवढंच मोजून डेपो चालत नाही. इतकी वर्षं डेपोत काढलेल्या माणसालाच हे असं दोन वाक्यांत सांगता येतं.

पुढचं गणित तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत. विमान रोज १० तास उडालं तर वर्षाचे ३६५० तास. आपल्याकडे वैमानिकाला वर्षाला १००० तासांची मर्यादा. म्हणजे एका विमानाला वैमानिकांच्या चार जोड्या लागणारच. रजा, आजारपण धरून पाच. त्या पाचाखाली तुम्ही दोन रेघा ओढल्यात. केबिन क्रू ५० सीटमागे एक, म्हणजे एटीआरला दोन, त्यांच्याही पाळ्या आल्याच.

आता दोन विमानं रात्री बेंगळुरूला राहतात, पाच सांबऱ्याला. मधल्या आकाराचा तळ पुरतो. त्या पाचातलं एक स्पेअर, तुमच्या सांगण्यावरूनच. गेल्या आठवड्यात एक विमान दुरुस्तीला गेलं, तरी एकही फेरी चुकली नाही. मामा, तेव्हा तुमची फार आठवण आली.

ते पान मी टेबलासमोर चिकटवलंय. हुबळीला दुसरा तळ काढायचं मनात आहे. येत्या रविवारी येतो, येताना कोरं पान आणतो.

तुमचा भाचा,
बेळगाव