गाडी लागणाऱ्या मुलांची तयारी सहलीआधी महिनाभर हवी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळीची सुट्टी संपली की पुण्यातल्या शाळांच्या सहली सुरू होतात. त्यातल्या बऱ्याचशा घाटातून जातात. पाचगणी-महाबळेश्वरला पसरणी, प्रतापगडाला आंबेनळी, रायगडाला ताम्हिणी नाहीतर वरंध. ज्या मुलांना गाडी लागते त्यांना पालक निघताना एक गोळी आणि हातात प्लास्टिकची पिशवी देतात. मग बाकीच्यांना त्रास नको म्हणून त्यांची रवानगी शेवटच्या बाकावर होते. वळणावर बसचा मागचा, चाकांच्या पलीकडचा भाग सर्वांत जास्त झुलतो आणि उसळतो. म्हणजे ज्याला सर्वाधिक त्रास होणार, त्यालाच आपण सर्वांत वाईट जागा देतो. व्हेस्टिब्युलर, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या व्यायामांचे काम करणारे फिजिओथेरपिस्ट म्हणून आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच, की गाडी लागणे सरावाने बरेच कमी करता येते. मात्र तो सराव सहलीच्या दिवशी सकाळी होत नाही.

आतल्या कानात दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोक्याचे फिरणे टिपतात. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात, त्यांच्यामुळे पुढे-मागे, वर-खाली होणे आणि कलणे कळते. बसमध्ये कान सांगतो ‘आपण वळतोय’, तर समोरच्या सीटच्या पाठीकडे किंवा मोबाइलकडे लागलेले डोळे सांगतात ‘आपण स्थिर आहोत’. अनुभवाने बनलेल्या मेंदूच्या अंदाजाशी हे जुळत नाही आणि मळमळ सुरू होते. रीझन आणि ब्रँड या संशोधकांनी 1975 मध्ये मांडलेले हे स्पष्टीकरण आजही सर्वांत जास्त मानले जाते. दोन्ही आतले कान पूर्ण निकामी असलेल्यांना गाडी लागत नाही. त्यामुळे ‘मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नकोस’ हा सल्ला बाद समजावा.

सर्वांत जास्त मळमळ होते ती साधारण पाच सेकंदांना एक अशा संथ हेलकाव्यांनी. नागमोडी रस्त्यावर बस डावी-उजवीकडे झुलते ती याच्याच आसपास. खड्ड्यांचे जलद हादरे पाठ मोडतात, पण त्यांनी उलटी सहसा होत नाही. या एका बाबतीत पुण्याच्या रस्त्यांना नाइलाजाने निर्दोष सोडावे लागते. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी क्वचित लागते, नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास त्रास कळसाला पोहोचतो आणि पुढे ओसरतो. चौथी-पाचवीच्या सहली नेमक्या त्याच वयात येतात.

आता सराव. पहिला आठवडा फक्त नजर स्थिर ठेवण्याचा. आजच्या अंकातल्या मथळ्यातले एखादे ठळक अक्षर कापून कोऱ्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. मुलाने हातभर अंतरावर खुर्चीत बसून नजर त्या अक्षरावर ठेवावी आणि मान ‘नाही’ म्हणताना हलवतो तशी दोन्हीकडे साधारण 20 ते 30 अंश फिरवावी. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारे ॲप लावा, मिनिटाला 60 ठोके, एका ठोक्याला एक बाजू. एक मिनिट आडवे, थोडी विश्रांती, मग एक मिनिट ‘हो’ म्हणताना हलवतो तसे उभे. दिवसातून तीन वेळा. अक्षर पुसट किंवा दुहेरी दिसू लागले तर वेग जास्त झाला, दहा ठोके कमी करा. जमले तर दर दोन-तीन दिवसांनी दहा ठोके वाढवत 120 पर्यंत न्या. इथे मुले एक लबाडी हमखास करतात: मान जेमतेम हलवतात आणि ‘झालं’ म्हणतात. दुसरी चूक मोठ्यांची. ते खांदेच फिरवतात, मग मानेला काही कामच उरत नाही.

दुसऱ्या आठवड्यात तेच अक्षर चौकडीच्या चादरीवर लावा. मागची रेघोटी हलताना दिसते आणि काम अवघड होते. मग उभे राहून, पाय जुळवून, शेवटी जाड उशीवर किंवा फोमच्या तुकड्यावर उभे राहून करा. डोळे मिटून 30 सेकंद उशीवर उभे राहणे हा वेगळा व्यायाम. तो खोलीच्या कोपऱ्यात, समोर खुर्ची ठेवून आणि मोठे माणूस शेजारी असतानाच करावा. याच्या जोडीला अंगठ्याचा व्यायाम: हात लांब करून अंगठा वर, नजर अंगठ्याच्या नखावर, आणि डोके, हात व धड एकत्र डावी-उजवीकडे. मागची खोली सरकताना दिसते. गाडीत पुढच्या सीटकडे बघत बसल्यावर जे घडते, तेच इथे थोड्या मात्रेत घडते.

तिसऱ्या आठवड्यात फिरती खुर्ची. पाय वर उचललेले, मान सरळ, डोळे उघडे. मोठ्याने खुर्ची साधारण सहा सेकंदांना एक फेरी या गतीने उजवीकडे पाच फेऱ्या फिरवावी आणि थांबवावी. गरगरणे पूर्ण थांबू द्या, मगच डावीकडे पाच. ते सहज झाले की डोळे मिटून. खुर्ची फिरत असताना मान खाली-वर किंवा बाजूला झुकवणे फार जहाल असते. विमान लागू नये म्हणून वैमानिकांना दिले जाणारे प्रशिक्षण त्यावरच उभे आहे, पण ते देखरेखीखाली होते. घरी त्याच्या वाटेला जाऊ नका.

या सगळ्यात मात्रा सांभाळणे सर्वांत महत्त्वाचे, आणि बिघडते तेही तिथेच. मुलाला 0 ते 10 असा आकडा सांगायला शिकवा, 0 म्हणजे काही नाही, 10 म्हणजे उलटी. 3 आले की थांबायचे. पंधरा मिनिटांत 0 वर आले तर मात्रा बरोबर होती. तासभर डोके जड राहिले तर दुसऱ्या दिवशी सगळे निम्मे करा. मुले आकडा लपवतात, म्हणून चेहऱ्याकडे बघा. जांभया, तोंडाला पाणी सुटणे, ओठांभोवती पांढुरके पडणे, कपाळाला गार घाम आणि बडबडे मूल एकदम गप्प होणे, हे उलटीच्या बरेच आधी दिसते. ‘दोन-चार उलट्या झाल्या की सवय होईल’ म्हणत मुलाला दामटून घाटातून नेणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात. होते उलटेच. मेंदू ती गाडी, तो वास, ती सीट मळमळीशी जोडून ठेवतो आणि पुढच्या वेळी गाडी सुरू होण्याआधीच तोंडाला पाणी सुटते. थोडे, रोज आणि उलटी टाळून केले तरच मेंदू जुळवून घेतो. रविवारी एकदाच तासभर केल्याने काही साधत नाही.

सोबत कागद-पेन्सिलीचा एक सोपा भाग आहे. ब्रिटनमधल्या वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांकडून दोन आठवडे रोज 15 मिनिटे अवकाशीय कोडी सोडवून घेतली: आकृती मनात फिरवणे, घडी घातलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल ते ओळखणे वगैरे. त्यांचा गाडीतला त्रास निम्म्याहून कमी झाला. शिष्यवृत्तीच्या पुस्तकातल्या बुद्धिमत्ता चाचणीत अशी कोडी भरपूर असतात. ती घरी करावीत, चालत्या गाडीत नव्हे.

चौथा आठवडा गाडीतला, आणि तो गाळता येत नाही. खुर्चीवरची सवय घाटात पूर्णपणे उतरत नाही, ज्या प्रकारची हालचाल, त्याच प्रकारचा सराव लागतो. आधी स्वारगेट ते कात्रज असा साधा बसप्रवास, शक्यतो पुढे बसून. मग दिवे घाटातून सासवड, तिथे उतरून अर्धा तास फिरून परत. मग सिंहगडाचा घाटरस्ता. नजर बाजूच्या खिडकीतून नव्हे, पुढच्या काचेतून दूरच्या रस्त्यावर. डोके सीटला टेकलेले. वळण येताना ड्रायव्हर आपसूक वळणाच्या आतल्या बाजूला झुकतो आणि प्रवासी बाहेर फेकला जातो. मुलानेही ड्रायव्हरसारखी मान आत झुकवावी, फरक लगेच कळतो. श्वास पोटाने, मिनिटाला सहा-आठ, इतका संथ. निघण्याआधी दीड-दोन तास पोहे किंवा उपमा. रिकामे पोट चालत नाही आणि तर्रीची मिसळ तर नाहीच. आडव्या बाकांची जीप शक्यतो टाळा. इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय सोडताच गाडी ओढल्यासारखी मंदावते, तेव्हा ड्रायव्हरला तो ब्रेकचा परिणाम कमी ठेवायला सांगा.

लिंबू हुंगणे, आवळा सुपारी, आलेपाक यांना आमची हरकत नाही, आल्याने काहींना थोडा आराम पडतो. सीटवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर बसण्याचा उपाय मात्र निरुपयोगी आहे, संपादकांनी राग मानू नये. ॲव्होमिनसारखी प्रोमेथाझिनची गोळी काम करते, पण ती निघण्याच्या एक-दोन तास आधी पोटात गेली तर. मळमळ सुरू झाल्यावर जठर नीट रिकामे होत नाही आणि गोळी तिथेच पडून राहते. तिने झोप येते, दोन वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत, आणि मोठ्यांनाही मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. सरावाच्या दिवसांत रोज घेऊ नये, कारण अशी औषधे मेंदूच्या जुळवून घेण्यालाच खीळ घालतात.

गाडीत नसतानाही गरगरत असेल, अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद खोली फिरत असेल, ऐकू कमी येत असेल, कानात आवाज येत असेल, दुहेरी दिसत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर वरचे काहीही करण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अर्धशिशी असलेल्यांना गाडी जास्त लागते, त्यांनी व्यायामाची मात्रा आणखी निम्मी ठेवावी. मानेचे दुखणे असलेल्या मोठ्यांनी मानेचे व्यायाम विचारूनच करावेत.

शाळांना विनंती अशी: सहलीची सूचना आठवडाभर आधी न देता सहा आठवडे आधी द्या आणि संमतिपत्रातच ‘गाडी लागते का?’ हा रकाना ठेवा. नजरेचे व्यायाम पीटीच्या तासाला पाच मिनिटांत होतात, खुर्ची आणि प्रवास पालकांकडे सोपवा. बसच्या पुढच्या तीन रांगा या मुलांसाठी राखून ठेवा, आणि शिक्षकांनी मागे बसावे.

आपले,
व्हेस्टिब्युलर रिहॅबिलिटेशनचे काम करणारे फिजिओथेरपिस्ट, कोथरूड, पुणे