रक्तगट जुळला, तरी क्रॉसमॅच पॉझिटिव्ह का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पत्नीला किडनी द्यायला निघालेल्या पतीची शस्त्रक्रिया ऐन वेळी रद्द झाल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. ‘दोघांचा रक्तगट एकच असूनही किडनी जुळली नाही, डॉक्टर चक्रावले’ असं तिच्यात म्हटलं आहे. डॉक्टर चक्रावले असतील असं मला वाटत नाही. माझी सगळी नोकरी टिश्यू टायपिंगच्या, म्हणजे दाता आणि रुग्ण जुळतात का हे पाहणाऱ्या लॅबमध्ये गेली. रुग्ण बाई, तिला मुलं झालेली आणि दाता तिचा नवरा, एवढं अर्जावर दिसलं की आम्ही त्या चाचणीचा ट्रे जरा जास्तच डोळे ताणून वाचायचो.

रक्तगट ही फक्त पहिली चाळणी. त्यानंतर येतं एचएलए. आपल्या जवळजवळ सगळ्या पेशींवर ही प्रथिनं असतात, त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि एक संच आईकडून, एक वडिलांकडून मिळतो. म्हणून आई आणि मूल निम्मे जुळतातच. सख्खी भावंडं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, मुळीच न जुळण्याचीही चारात एक. नवरा-बायकोचं एचएलए बहुधा जुळत नाही. जुळायचं काही कारणही नाही. पण तेवढ्यावरून कुणी शस्त्रक्रिया रद्द करत नाही. नवरा-बायकोंनी एकमेकांना दिलेल्या किडन्या चांगल्या टिकतात, हे टिश्यू टायपिंगमधले नामवंत संशोधक पॉल टेरासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच दाखवून दिलं आहे. न जुळणारं एचएलए सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बऱ्यापैकी सांभाळून घेतात.

गाडी अडते ती रुग्णाच्या रक्तात परक्या एचएलएविरुद्ध आधीपासून तयार असलेल्या अँटिबॉडींवर. गर्भातल्या बाळाच्या पेशींवर बापाकडून आलेलं एचएलए असतं. त्यांतल्या काही पेशी गरोदरपणात आणि बाळंतपणात आईच्या रक्तात शिरतात आणि काही स्त्रियांच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. बाळाला सहसा त्याचा उपद्रव होत नाही, आईला तर पत्ताही नसतो. पुढे अनेक वर्षांनी नवऱ्याची किडनी द्यायची वेळ येते तेव्हा ती ओळख उपटते. शरीराबाहेरून आलेलं रक्त आणि आधीचं प्रत्यारोपण यांमुळेही अशाच अँटिबॉडी तयार होतात.

त्या पकडायच्या चाचणीला क्रॉसमॅच म्हणतात; दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या तर ती पॉझिटिव्ह. तिची जुनी पद्धत मला अजून हातखंडा आहे. दात्याच्या रक्तातून लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, ट्रेच्या इवल्याशा खळग्यांत रुग्णाच्या सीरममध्ये (पेशी काढलेल्या रक्तद्रवात) त्या मिसळायच्या आणि वर सशाच्या रक्तातलं कॉम्प्लिमेंट घालायचं, म्हणजे अँटिबॉडी चिकटलेल्या पेशी मारणारी प्रथिनं. (ससाच का, तर त्याचं कॉम्प्लिमेंट माणसाच्या कॉम्प्लिमेंटपेक्षा या कामाला जोरकस पडतं.) अँटिबॉडी असतील तर पेशी मरतात आणि रंग शोषून काळपट, फुगलेल्या दिसतात, जिवंत पेशी लखलखत राहतात. १९६९ मध्ये पटेल आणि टेरासाकी यांनी २२५ प्रत्यारोपणं तपासली. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असूनही बसवलेल्या ३० किडन्यांपैकी २४ लगेच निकामी झाल्या होत्या. निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८. आता फ्लो सायटोमेट्री (लेझरने पेशी तपासणारं यंत्र) आणि अँटिबॉडी ओळखणारे सूक्ष्म मणी आले आहेत, पण हे आकडे पाहिल्यावर पॉझिटिव्ह अहवालाकडे काणाडोळा करायची कुणाची छाती होणार? शेवटचा क्रॉसमॅच शस्त्रक्रियेच्या तोंडावर ताज्या नमुन्यावर करतात, म्हणून रद्द होणंही ‘ऐन वेळी’ वाटतं.

वाचकांच्या उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. लॅबच्या अर्जावर गरोदरपणं, गर्भपात आणि आधी घेतलेलं रक्त यांचे रकाने असतात, आणि ते धड भरलेले क्वचितच यायचे. पडलेले गर्भ तर हमखास गाळलेले. नातेवाइकांना बाहेर बसवून विचारलं की कितीतरी बायका हळूच वेगळा आकडा सांगायच्या. अपुऱ्या दिवसांचा गर्भही यात धरायचा असतो. ही माहिती नैतिक चौकशीसाठी नसते, हे त्यांना कुणीतरी आधी सांगायला हवं.

रक्ताचंही तसंच. किडनीच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन घसरतंच, आणि एखादी बाटली चढवणं सोपं वाटतं. एकेकाळी प्रत्यारोपणाआधी मुद्दाम रक्त देत असत, कारण तशा रुग्णांच्या किडन्या जास्त टिकल्याचं १९७०च्या दशकात दिसलं होतं. सायक्लोस्पोरिन आल्यावर तो फायदा फारसा उरला नाही, अँटिबॉडींचा धोका मात्र राहिला. ज्याला प्रत्यारोपण करून घ्यायचं आहे त्याने ‘एरिथ्रोपोएटिन (रक्तपेशी वाढवणारं इंजेक्शन) आणि लोहाने भागेल का?’ असं डॉक्टरांना जरूर विचारावं. रक्तस्राव होत असेल तर अर्थातच रक्त घ्यावं, पण नंतर लॅबला कळवावं. नवा नमुना लागतो, जुना अहवाल चालत नाही.

बातमीत शेवटी ‘आता मुलगा किडनी देणार’ असं आहे. त्या कुटुंबाला मुद्दाम सांगावंसं वाटतं की मुलाच्या अंगात वडिलांचा अर्धा संच आहे, आणि ज्या अँटिबॉडींनी नवऱ्याला अडवलं त्याच मुलालाही अडवू शकतात. त्याची तपासणी करावीच, पण त्याच्यासोबत बाईंच्या सख्ख्या भावंडांचीही करावी. कुणीच चाललं नाही, तर प्लाझ्मा बदलून अँटिबॉडी कमी करता येतात. दुसरा मार्ग अदलाबदलीचा: अशाच अडलेल्या दुसऱ्या जोडप्याचा दाता यांना, यांचा त्यांना. ही कल्पना १९८६ मध्ये मांडली गेली आणि १९९१ मध्ये दक्षिण कोरियात अमलात आली. पती अजूनही द्यायला तयार असतील, तर अशा अदलाबदलीच्या यादीत नाव घालण्याबद्दल त्यांनी आपल्या रुग्णालयाला विचारावं.

आपली,
एक निवृत्त लॅब तंत्रज्ञ
(नाव छापू नये, ही विनंती.)