काळ्या ट्रेंचे कोडे सोडवणाऱ्या सरांस जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,
स. न. वि. वि.

सर्किट बोर्डांना स्थिर विद्युतेचा झटका बसू नये म्हणून ते कार्बन मिसळलेल्या काळ्या प्लास्टिकच्या ट्रेंमध्ये ठेवतात; त्या ट्रेंवरून आमच्यात आणि ग्राहकात निर्माण झालेला पेच आपण सोडवलात, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. आपले नाव कोठेही येऊ नये ही आपली इच्छा मी पाळली आहे. परंतु आपण जे दाखवून दिलेत ते भोसरी-चाकणच्या लहान मोल्डरांपर्यंत, म्हणजे साच्यातून प्लास्टिकच्या वस्तू काढणाऱ्यांपर्यंत, पोहोचावे, असे मला मनापासून वाटते.

एकाच गोणीतील प्लास्टिकच्या दाण्यांपासून, एकाच साच्यात काढलेल्या ट्रेचा पृष्ठरोध (पृष्ठभागावरून वीज वाहण्यास होणारा विरोध) एका टोकाला लाखभर ओहम, तर दुसऱ्या टोकाला ग्राहकाच्या मर्यादेबाहेर जात होता. दाण्यांचे प्रमाणपत्र बिनचूक असल्यामुळे दोष नेमका कोणाचा, यावरच पत्रापत्री चालली होती. आपण कोणालाही दोष न देता ट्रेच्या त्या टोकावर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवलात, जागा पुसून घेतलीत आणि पुन्हा मीटर लावलात. आकडा झपकन खाली आला. वर नुसत्या प्लास्टिकची पातळ साय धरलेली होती आणि कार्बन तिच्याखाली होता, हे आम्ही सर्वांनी डोळ्यांनी पाहिले.

त्यानंतर आपण मशीनशेजारी उभे राहून जे समजावलेत, ते मी आजही ऑपरेटरांना तसेच सांगतो. पॉलिप्रॉपिलीन मुळात निरोधक आहे. त्यात कार्बन ब्लॅक (काजळीसारखी कार्बनची बारीक पूड) वाढवत गेले तरी बराच काळ फरक पडत नाही, मात्र कण पुरेसे जवळ येऊन त्यांची अखंड साखळी जुळली की रोध एकदम लाखो पटींनी कोसळतो. ही साखळी दाण्यांत असली तरी ती वस्तूत उतरेलच असे नाही. साच्यात वेगाने दाबलेल्या वितळलेल्या प्लास्टिकच्या रसात ती तुटते आणि साचा थंड असेल तर पुन्हा जुळण्याआधीच सारे गोठून जाते. आपल्या सल्ल्याने आम्ही इंजेक्शनचा वेग कमी केला, रसाचे आणि साच्याचे तापमान वाढवले. प्रत्येक ट्रे काढण्याची सायकल थोडी लांबली, पण ट्रेचे सर्व कोपरे मर्यादेत आले.

कार्बन आणखी वाढवून टाकावा, या आमच्या सूचनेला आपण दिलेला नकारही तितकाच मोलाचा ठरला. स्थिर विद्युत सावकाश निघून जावी यासाठी 10 हजार ते 100 अब्ज ओहमच्या दरम्यानचा रोध हवा असतो. त्याहून फार कमी रोधाच्या पृष्ठभागावर भारित बोर्ड टेकला तर भार क्षणात निघतो आणि तोच झटका नाजूक भागाला मारक ठरतो. अँटिस्टॅटिक रसायन मिसळलेले ट्रे पावसाळ्यात उत्तम चालतात, पण एप्रिलमधील कोरड्या दुपारी हवेतील ओलाव्याअभावी निकामी ठरतात, हेही आपण सांगितलेत. आमच्या आधीच्या ट्रेंबद्दल उन्हाळ्यातच तक्रारी का येत, याचे उत्तर तेव्हा मिळाले.

सध्या आम्ही विद्युतचुंबकीय लहरी अडवणाऱ्या कंट्रोलरच्या डब्याचे काम हाती घेतले आहे. ग्राहकाला 40 डेसिबल हवे आहेत, म्हणजे येणाऱ्या शक्तीचा दहा हजारावा हिस्साच पलीकडे जावा. येथे प्लास्टिकमध्ये कार्बनऐवजी स्टीलचे तंतू वापरत असून, तंतू तुटले की गुण गेला, हे आपले वाक्य ध्यानात ठेवून बॅक प्रेशर (दाणे वितळताना स्क्रूवर ठेवलेला दाब) अगदी कमी आणि गेट (साच्यात रस शिरण्याचे तोंड) रुंद ठेवले आहे. झाकणाच्या सांध्यात वाहक गास्केट बसवण्याची आपली सूचनाही ड्रॉइंगमध्ये घेतली आहे, कारण भिंत कितीही चांगली असली तरी लहरी फटीतून निसटतात. पहिले नमुने चाचणीला गेले आहेत. अहवाल येताच आपल्याकडे पाठवतो.

कळावे.

आपला कृतज्ञ,
भोसरी येथील एक मोल्डर