हस्तरची पोथी कुठल्या कपाटात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पुराणकथांवर बेतलेल्या फँटसी कादंबऱ्यांची झाडाझडती घेणारा लेख वाचला. नव्या लेखकांनी पुराणांची मोडतोड चालवली आहे, असा त्याचा एकूण सूर होता. मी तालुक्याच्या गावी एका वाचनालयात देवघेव सांभाळते. या कादंबऱ्या कोण नेतं, त्या किती खिळखिळ्या होऊन परत येतात आणि नंतर वाचणारा काय विचारतो, हे रोज पाहते. लेखातलं दुखणं खरं आहे, पण निदान चुकलं आहे असं वाटलं, म्हणून हे पत्र.

२०२४ च्या सप्टेंबरात 'तुंबाड' पुन्हा चित्रपटगृहांत लागला, त्यानंतरची गोष्ट. कॉलेजात जाणारा एक मुलगा आला आणि म्हणाला, "मॅडम, हस्तरची पोथी आहे का?" म्हटलं, बाबा रे, हस्तर कुठल्याच पुराणात नाही, तो सिनेमावाल्यांनी रचलेला आहे. त्याला काही पटेना. पूर्तीची देवी, तिचं पहिलं अपत्य, त्याने आधी सोनं घेतलं, मग धान्याला हात घालताच बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले, आईने त्याला वाचवलं पण त्याची पूजा कधी होणार नाही अशी अट पडली, अशी सगळी कथा त्यानेच मला ऐकवली. खरं सांगते, ऐकता ऐकता मलाही वाटलं, कोकणातल्या एखाद्या देवस्थानच्या माहात्म्यात असं काही असेल का! गोष्टीची घडणच तशी आहे. देवी आहे, हाव आहे, शाप आहे, वर निषेधाचा नियमही आहे. शिवाय तुंबाड हे खेड तालुक्यातलं खरं गाव, श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे मराठी वाचकाला घरचंच. खऱ्या गावात बसवलेला खोटा देव लवकर खरा वाटतो. त्याच्या नावाशी मिळतंजुळतं 'हस्तुर' हे नाव मात्र सापडतं ते अमेरिकन लेखक अँब्रोज बीअर्स यांच्या १८९१ मधल्या एका कथेत. तिथे तो मेंढपाळांचा बरा, कनवाळू देव आहे. पुढच्या भयकथाकारांनी त्याला राक्षसी केलं.

आता यात मोडतोड कुणी कशाची केली? काहीच मोडलेलं नाही, नवीन घडवलं आहे. आणि देव घडवणं आपल्याला नवीन नाही. उत्तरेत काही घरांपुरतं असलेलं संतोषीमातेचं व्रत १९७५ च्या एका चित्रपटाने गावोगाव पोचवलं. आमच्या आळीतही तेव्हा शुक्रवारी आंबट बंद झालं होतं आणि गूळ-चणे वाटले जात होते. ते व्रत कुठल्या पुराणातलं, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

लेखकाला सर्वांत राग आहे तो द्रौपदी-कर्ण यांच्या प्रेमाचे रंग भरणाऱ्या कादंबऱ्यांचा. त्यांनी शाहीर विठ्ठल उमपांचं 'जांभूळ आख्यान' ऐकलं नसेल, असं मी मानायला तयार नाही. कर्णाविषयी मनात आलेली इच्छा द्रौपदीला पाच पतींसमोर कबूल करावी लागते, ही त्यातली मध्यवर्ती गोष्ट. व्यासांच्या महाभारतात ती नाही. मराठी लोकपरंपरेने ती रचली, सांभाळली आणि संबळाच्या साथीत गायली. तिला कुणी विकृती म्हटलं नाही.

फरक पडला आहे तो ऐकणाऱ्यात. जांभूळ आख्यानापुढे बसलेल्या बाईला पाच पांडव, मत्स्यभेद, सूतपुत्र हे सगळं तोंडपाठ होतं. मूळ वाट माहीत होती म्हणून गायकाने घेतलेलं वळण तिला कळायचं, आणि रंगत त्या वळणाचीच असायची. आजच्या मुलाच्या हातात पहिल्यांदा वळणच येतं. वाट त्याने पाहिलेलीच नसते. त्याला तीच वाट वाटली तर दोष त्याचा नाही, आणि बऱ्याचदा लेखकाचाही नाही.

हे फक्त मुलांचंच होतं असंही नाही. "आंधळ्याचा मुलगा आंधळाच" असं म्हणून द्रौपदी हसली आणि महाभारत घडलं, हे मला कितीतरी मोठ्या माणसांनी छातीठोकपणे सांगितलं आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं खर्चून, १२५९ हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात हे वाक्य नाही. दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा भीम हसतो, अर्जुन हसतो, जुळे भाऊ हसतात, नोकरचाकर हसतात. द्रौपदीचं नाव येतं ते नंतर, दुर्योधन बापापुढे गाऱ्हाणं मांडतो तेव्हा. म्हणजे तक्रारदाराच्या जबानीतलं हसू आपण तिच्या तोंडी कायमचं चिकटवलं, वर वाक्यही पुरवलं! दूरदर्शनच्या मालिकेने ते घराघरात पक्कं केलं. फँटसीवाल्यांवर बोट रोखण्याआधी एवढं तरी कबूल करायला हवं.

परदेशात वेगळं काही नाही. थोर आणि लोकी हे युरोपच्या उत्तरेकडच्या पुराणकथांतले. आमच्याकडे येणारी शाळकरी मुलं लोकीला थोरचा भाऊ समजतात. कॉमिक्स आणि सिनेमांनी तसं केलं आहे. आइसलँडच्या जुन्या कथांत तो ओडिनचा, म्हणजे थोरच्या बापाचा, रक्ताची शपथ घेतलेला भाऊ. पण त्यातल्या बऱ्याचशा कथा तरी कुणी लिहून ठेवल्या? स्नोरी स्टुर्लुसन या ख्रिस्ती माणसाने, सारा देश ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षं उलटल्यावर, नव्या कवींना जुन्या उपमा कळाव्यात म्हणून. इंग्रज लेखक टॉल्किन यांनी 'हॉबिट' या आपल्या फँटसी कादंबरीतल्या बहुतेक बुटक्यांची आणि गँडाल्फ या जादूगाराचीही नावं तिथल्याच एका प्राचीन काव्यातल्या यादीतून उचलली. मात्र ऑक्सफर्डमध्ये जुन्या भाषा शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. कुठून काय घेतोय, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. माझं नव्या मराठी लेखकांशी भांडण असेल तर ते एवढ्यावरच आहे. त्यांच्यातल्या काहींची पुस्तकं वाचताना वाटतं, यांचं महाभारत मालिकेतून आलं आहे आणि पुराणं मोबाइलवरच्या व्हिडिओतून. अस्त्रं भरपूर असतात, धर्मसंकट एकही नसतं.

खांडेकरांनी 'ययाति'ला 'पार्श्वभूमी' जोडली आणि महाभारतातलं उपाख्यान आपण जसंच्या तसं घेतलेलं नाही, हे वाचकाला सांगितलं. इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त' या महाभारतावरच्या लेखसंग्रहात विदुर हा युधिष्ठिराचा पिता असावा असा तर्क मांडला. केवढं धाडस! पण तो तर्क आहे, हे त्यांनी लपवलं नाही. यामुळे दोन्ही पुस्तकांची गोडी कमी झाली का? आमच्याकडच्या 'ययाति'च्या तीन प्रती वाचून वाचून संपल्या, चौथी चालू आहे.

तेव्हा प्रकाशकांना विनंती अशी की, पौराणिक फँटसीच्या शेवटी एक पान द्या. मुळात काय आहे आणि लेखकाच्या पदरचं काय, एवढंच. आणि आपल्या परीक्षणकर्त्यांनाही विनंती, पुस्तक पुराणाशी प्रामाणिक आहे का हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि लेखकाने पुराण उघडलं होतं का, ते तपासा.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. वाद घालण्यापेक्षा मी त्याला चित्रावशास्त्र्यांचा प्राचीन चरित्रकोश काढून दिला आणि म्हटलं, 'ह' काढ. हस्तर मिळाला नाही. हस्तिनापूर वसवणारा हस्ती राजा मिळाला, त्याचा वंश मिळाला, मग त्या वंशातली एकेक नावं तो मागे-पुढे शोधत बसला. संदर्भग्रंथ आम्ही घरी देत नाही, त्यामुळे कुलूप लावायची वेळ होईपर्यंत बाकावरून उठला नाही. जाताना विचारलं, "मॅडम, थोर-लोकीचा असा कोश मराठीत आहे का?"

आपली,
एक वाचनालय सेविका
(जि. सांगली)